मी शिकवलेला शब्द

८ डिसें. ९३, बुध. परभणी
आमच्या बियाणे कंपनीच्या शाखेतलं कॉम्प्युटर-मशीन सुरू केलं तर बीजोत्पादक शेतकऱ्यांची यादी उघडेना. जिंतूर, सेलू, दोन्ही तालुके गेले. पडद्यावर नुसती कोंबडीच्या पायासारखी चिन्हं. व्हायरस आहे हे लगेच कळलं, आणि कुठून आला तेही. सोमवारी मी एकटाच होतो. औरंगाबादच्या मित्राची मोटारीच्या गेमची फ्लॉपी घातली, तासभर खेळलो. काल दिवसभर लाइट नव्हती, म्हणून आज उघडकीस आलं. दुसऱ्या ऑपरेटर खिल्लारेबाई चैत्यभूमीला गेल्या होत्या, आज सकाळीच परतल्या.
साहेबांनी विचारलं, व्हायरस म्हणजे काय? इंग्रजी पुस्तकातलं सांगितलं, डोक्यावरून गेलं. मग तोंडून निघालं, "विटाळ समजा साहेब. एक फ्लॉपी दुसरीला शिवली की लागतो." साहेबांना झटक्यात समजलं. काय सोपं करून सांगितलं म्हणून मीच खूश. खि.बाई की-बोर्डवरच्या कापडाची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले, मग त्यांनी घडी पूर्ण केली.

९ डिसें., गुरु.
शब्द ऑफिसभर झाला. हेडक्लार्क नाना चहा पिताना म्हणाले, "विटाळच हाय म्हणल्यावर कोण शिवलं ते बघा की." सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.
नानांचा हिशेब सरळ: बाई मुंबईला जाऊन आल्या आणि मशीन बिघडलं. बाई म्हणाल्या, मी फ्लॉपी नेलीच नव्हती. कुणी ऐकून घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरची रिबीन बदलत बसलो. जुनी रिबीन चांगली होती.

११ डिसें.
औरंगाबादहून व्हायरस काढायची फ्लॉपी आणली. आधी गेमसाठी केलेली डिरेक्टरी पुसली. मग व्हायरस काढला. क्रम लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे 'चुकून पुसली गेली' असं मला म्हणता येणार नाही.

२० डिसें., सोम.
कागदी अर्जांवरून यादी परत भरून झाली. नऊ दिवस, बोटं सुजली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खि.बाईंना जावकच्या टेबलावर बसवलंय. पाकिटांवर पत्ते लिहायचे, चौकशी होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. चौकशी कोण करणार, तर मी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

२ जाने. ९४, रवि. बोरी
घरी. भाऊ भेटेल त्याला सांगतोय, आमच्यानं मशीनचा आजार काढला.
दुपारी कापूस वेचणारी बाई पाणी मागायला आली. आईनं वरून ओतलं, तिनं ओंजळ धरली. लहानपणापासून बघतोय. तो शब्द मला शोधावा लागला नव्हता, तोंडातच होता. आज मान खाली गेली, एवढंच.

१५ जाने., शनि.
काल विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ऑफिसात सगळे हळू बोलतात. खि.बाईंनी पेढे आणले. नाना म्हणाले, साखर बंद केलीय. संक्रांतीचा तिळगूळ मात्र चार जणांकडून घेतला होता. मी पेढा घेतला. बाईंच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

२१ फेब्रु., सोम.
पुण्याच्या मुख्य ऑफिसचं पत्र. 'संगणक सुरक्षा' अशी नवी जागा काढलीय, ती मला. शाखाशाखांत जाऊन व्हायरस काढायचे, पासवर्ड लावून द्यायचे, लोकांना शिकवायचं. एक एप्रिलला हजर. जिल्ह्यात असं काम कुणाला मिळालेलं ऐकलं नाही. मीच रोग आणला आणि मीच वैद्य ठरलो.
खि.बाई हंगामी आहेत. मार्चअखेर त्यांना कायम करायचं की कमी करायचं, ते माझ्या चौकशीच्या कागदावर. साहेब रोज विचारतात, झाला का. मी म्हणतो, चालू आहे.

२ मार्च, बुध.
सांगितलं. जावकच्या टेबलाशी उभं राहून. वाक्य पाठ केलं होतं, अर्धंच निघालं. बाईंनी खण उघडला, प्रिंटरचा घडी केलेला कागद पुढे ठेवला. "आठ तारखेला आल्या आल्या डिस्कची यादी छापली होती मी. गेमच्या डिरेक्टरीवर सहा तारीख हाय. सहाला मी दादरला रांगेत होते."
मग तेव्हाच का नाही दाखवला?
"दाखवला असता तर म्हणले असते, कागद बी हिनंच केला. तुमी कवा बोलता, वाट पाहायलेय मी."
आधी काळेभाऊ म्हणायच्या. आज जाताना काळे साहेब म्हणाल्या. जमीन दुभंगावी असं झालं.

४ मार्च, शुक्र.
साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं. म्हणाले, बाईंना कायम करून टाकतो, पण हे या खोलीबाहेर नको. तुझं पुणं जाईल, आपल्या शाखेचं हसं होईल. चौकशीवर लिही, 'कारण समजले नाही'.
लिहिलं. सही केली. बाहेर येताना हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीच आता जास्त लाज वाटतेय.

५ मार्च, शनि.
बाईंना आनंदाची बातमी द्यायला गेलो. मूर्खच मी. त्यांनी हातातलं पाकीट चिकटवलं, मग म्हणाल्या, "साहेबाला एकट्याला सांगितलं म्हंजी तुमी मोकळे झाले. मी न्हाई झाले. कायम झाले तरी या हापिसात शिवली ती मीच. आन् नानाला कशाला नावं ठेवायची? शब्द तुमी दिला."


३० मार्च, बुध. ऑफिसात, ११ वाजून १० मि.
साडेअकराला माझा निरोप. साहेबांनी सांगितलंय, जाता जाता स्टाफला व्हायरसची माहिती दे, सगळ्यांना समजेल अशी. पहिलं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. 'डिसेंबरातला व्हायरस मी आणला' एवढंच तर आहे. साहेब समोर बसणार. पुण्याचे एक अधिकारीही आलेत. बोललो तर पुणं बहुतेक गेलंच. नाही बोललो तर शाखाशाखांत जाऊन लोकांना काय शिकवणार?
खुर्च्या लागल्या. नानांनी हार आणलाय. खि.बाई आल्या. मागे पुष्कळ जागा होती, पहिल्या रांगेत येऊन बसल्या. माझ्याकडे बघतायत, रागानं नाही. राग असता तर सोपं गेलं असतं.
साहेब बोलावतायत. चौथ्यांदा तेच वाक्य लिहिलं, आता खोडत नाही