घोट्यापाशी ओढ

१६ जानेवारी

पंपबोट, म्हणजे इंजिन लावलेली होडी, काठाला लागत नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मी उतरले ती थेट कमरेपर्यंत. तशीच चिंब, चपला हातात, हसत हसत बेटावर आले. न्यायला सालुद आल्या होत्या, सगळे त्यांना मानांग, म्हणजे मोठी ताई, म्हणतात. दवाखान्यातल्या आया, पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज मासळीबाजारातला. माझी बॅग डोक्यावर चढवून म्हणाल्या, "इंदाय, पोरी, इलोइलोसारख्या शहरातली माणसं इथे शिक्षा म्हणून येतात. तू काय गुन्हा केलास?" मी म्हटलं, अर्ज केला. त्या इतक्या हसल्या की बॅग समुद्रात जाता जाता वाचली.

खोली दवाखान्याच्या मागेच आहे. खिडकीत नारळ, पलीकडे पाणी. आई गेल्यापासून घरात माझ्याच भांड्यांचा आवाज ऐकून कंटाळले होते. बहीण कुवेतला, फोन करते तेव्हा कायम घाईत असते. इथे निदान सकाळी कुणीतरी हाक मारेल. आज वॉर्डातल्या बायकांनी नाव विचारलं आणि पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. नेनिता, नेनिता. किती दिवसांनी कुणाच्या तोंडून ऐकलं!

१९ जानेवारी

वॉर्डात थोडे म्हातारे लकव्याचे, बाकी सगळे पाणबुडे. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरला प्लास्टिकची नळी जोडायची, नळी दातात धरायची आणि माशांमागे खोल जायचं. घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात आणि पाय जातात. इथल्या प्रत्येक घरात असा एक तरी आहे, असं मानांग म्हणतात.

मी फिजिओथेरपिस्ट, माझं काम हातांचं. रुग्णाला म्हणायचं, "वर उचला, धरून ठेवा, मला खाली दाबू देऊ नका," आणि मग दाबायचं. माझ्या जोराला हरला नाही तर पाच. नुसतं आपलं वजन उचललं तर तीन. बोटाखाली पापणी लवावी तशी फडफड लागली तर एक. काहीच नाही तर शून्य. यंत्र नाही, बोटं हेच यंत्र. दिवसभर माणसांना धरते आणि संध्याकाळी मला धरणारं कुणी नसतं, असा विनोद मी पूर्वी मैत्रिणींना सांगायचे. आता त्याही कॅनडात गेल्या.

२३ जानेवारी

खिडकीजवळच्या खाटेवर लिबेराटो आहे. तरुण, खांदे वल्हेकऱ्याचे, कमरेखाली शून्य. त्याची आई रोज तांदळाची पेज घेऊन येते. बरोबर त्याची लहान मुलगी असते, ती बापाच्या पायांवर शिंपले मांडते आणि विचारते, टोचतं का? तो म्हणतो, खूप. खोटं बोलतो.

आज त्याचे पाय तपासले. शून्य पाय कसा असतो ते मला झोपेतही कळेल: ओल्या चादरीसारखा, उचलू तिकडे येतो. याचा येत नाही. मी घोटा धरून वर घेतला तर तो माझ्या हातातून दुसरीकडे जात होता. कुणाकडे तरी. स्नायू चाचपले, त्यांत काहीच नाही. शून्यच लिहिलं. पण बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मानांगना सांगितलं, तर त्या चादरींच्या घड्या घालता घालता थांबल्या. म्हणाल्या की गावातला मालीशवाला म्हातारा आला होता. त्याने घोट्यांना हात लावला, लगेच काढून घेतला आणि आईला सांगितलं, याला ओढू नका. जो ओढतोय त्याला दमू द्या. मला हसू आलं. मानांगना आलं नाही.

२७ जानेवारी

लिबेराटोनेच आज सांगितलं, मी न विचारता. तो आणि आनिसेतो एकत्र बुडी मारायचे, लहानपणापासूनचे जोडीदार. त्या दिवशी आनिसेतोच्या नळीला पीळ पडला आणि हवा बंद झाली. त्याने खालून याचे घोटे धरले. "मी लाथ मारली, मॅम. मारतच राहिलो. सुटलो असं वाटलं. वर आलो तेव्हा पाय नव्हते. लोक म्हणतात तो वाहून गेला. कुठे गेलाय? इथेच आहे की."

मी त्याला नेहमीचं सांगितलं, धक्क्याने मनात असं बसतं म्हणून. माझा हात त्याच्या पोटरीवर होता. मी बोलत होते आणि हाताखालचा पाय हळूहळू खाटेच्या कडेकडे सरकत होता.

३१ जानेवारी

दोन्ही घोट्यांच्या वर खळगे आहेत. बोटांचे. सूज असती तर दाबून कळलं असतं, सूज नाही. आज भर दुपारी, उन्हात, त्याचा पाय माझ्या हातावर तोलून धरला आणि डोळे मिटले. ओढ एकसारखी नाही. येते, थांबते, पुन्हा येते, दर वेळी जराशी वर. दोराला धरून, हातावर हात टाकत चढणाऱ्या माणसासारखी.

लिबेराटो कालपर्यंत कमरेखालीच बधिर होता. आज पोटही बधिर आहे. आई बाहेरच्या बाकावर बसून रडते. असाच आनिसेतो छातीपर्यंत चढला तर याचा श्वास जाईल. डॉक्टर पुढच्या बोटीने येतील, पण उत्तरेचा वारा सुटलाय आणि बोटी बंद आहेत.

४ फेब्रुवारी

मी ओढलं.

सकाळी त्याला दम लागत होता. मुलगी शिंपले घेऊन दारात उभी होती, तिला आत घेत नव्हते. मला कसला तरी राग आला. खाटेला पाय लावला, दोन्ही घोटे धरले आणि सगळ्या ताकदीने माझ्याकडे ओढले. समोरून तितकाच जोर. पाच. खरंच पाच. मी मोठ्याने म्हणाले, "सोड त्याला. धरायचंच असेल तर मला धर." का म्हणाले? तोंडातून गेलं. आणि एकदम समोर काहीच उरलं नाही, मी मागच्या भिंतीवर आदळले.

मग लिबेराटोचा अंगठा हलला. मी धावत जाऊन बोट ठेवलं. फडफड! एक!

मानांगनी मला जवळ घेतलं नाही. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

९ फेब्रुवारी

लिबेराटो गुडघा सरळ करतो. दाबलं तरी धरून ठेवतो. वॉर्डात गिटार आणलंय, त्याच्या आईने सगळ्यांना सुकी मासळी आणि भात वाढला. मीही खूप हसले. जेवून उठताना डावा पाय चपलेत शिरेना. पाण्यात उभं राहिल्यासारखा गार.

१३ फेब्रुवारी

तो आज चालत घरी गेला. दारात वळला आणि माझी लंगडी चाल पाहिली. परत आला, वाकला, माझा घोटा धरायला हात पुढे केले. "आण इकडे मॅम, माझं मला परत दे." मी त्याला ढकललं. मुलगी त्याच्या शर्टाला लोंबकळत होती. मी म्हटलं, पाय मुरगळलाय, जा घरी. त्याला माहीत होतं. तरी गेला. जाताना त्याने मागे पाहिलं नाही, त्याचं बरोबरच आहे.

१६ फेब्रुवारी

स्वतःला तपासलं. पंजे शून्य. गुडघ्यांना दोन, तेही ओढूनताणून. घोट्यांवर खळगे. खळग्यांतली बोटं लांब आहेत, उजव्या हाताची करंगळी वाकडी.

फोनवर डॉक्टर म्हणाले, वारा पडला की पहिल्या बोटीने इलोइलोला या. वारा पडत नाही.

१९ फेब्रुवारी

मानांगनी सगळ्यांना सांगितलंय, इंदायला कुणी हात लावू नका. मीच त्यांना तसं सांगायला लावलं. ताट उंबऱ्यात ठेवतात, काठीने आत सरकवतात. सरकवताना रडतात. नातवंडं त्यांच्याच जिवावर आहेत, मला कळतं.

कुणाचाही स्पर्श नाही. फक्त त्याचा.

लिहू नये पण लिहिते — आई गेल्यापासून मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

मांड्या गेल्या. तो आता कमरेशी आहे. त्याच्याशी बोलून पाहिलं. म्हटलं, आनिसेतो, ही जमीन आहे, इथे हवा आहे, सोड. त्याला ऐकू येत नाही. तो अजून तिथेच आहे, खाली. त्याला फक्त वर यायचंय. चिडावं कुणावर —

दुपार फार लांब आहे. वॉर्डातून हसण्याचे आवाज येतात.

२३ फेब्रुवारी

पोट. खोकता येत नाही. आवाज अगदी बारीक. हाक मारली, पंख्यातच विरली —

ठरवलंय, माझ्यापाशी संपू दे. मी बुडाले की त्याला धरायला काही उरणार नाही. असं असेल ना?

असेलच.

२४ फेब्रुवारी

आवाज नाही. श्वास वरच्यावर. हात चालतो — थोडा —

बाहेर मानांग. एकट्याच बोलतायत, चिडून. म्हणतायत, काठीने ताट ढकलते, मी काय बाई आहे. लेकीसारखी पोर. म्हणतायत, मरू दे ते मालीशवाल्याचं —

दार.

मान हलवते. त्यांना दिसत नाही. वही वर धरली. बघत नाहीत वहीकडे — बाह्या वर — पायांपाशी बसल्या — रडतायत —

हात किती ऊबदार असतील

नको. नातवंडं. मोठ्या अक्षरात लिहिते

मानांग हात ला