चादरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

फोनवर मी दर वेळी "मजेत आहे" म्हणतो ते खोटं. मध्यंतरी जगणंच नकोसं झालं होतं. लॉन्ड्रीतल्या मुकादमाने एका लाइफ कोच बाईंकडे पाठवलं. खुर्चीत बसून मी नुसता रुमालाच्या घड्या घालत राहिलो. बाई म्हणाल्या, "चल, तुझ्या कामावर जाऊ."

लॉन्ड्रीत त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं, लहानपणी तू धरायचीस तसं. घड्या घालता घालता मी भडाभडा बोललो, रडलोसुद्धा. त्यांची घडी मात्र तिरकीच!

"बाई, माझी ताई इथे असती तर ओरडली असती."

"मग तिलाच सांग ना सगळं, बाळा."

म्हणून लिहायला बसलो. पण हे पत्र टाकत नाही. तुझा आवाज ऐकायचाय. आत्ताच फोन लावतो. "कसा आहेस रे?" एवढं विचार, या वेळी खरं सांगेन.

तुझंच,
शेंडेफळ