खिडकीखालची जागा

७ जानेवारी

चि. बारकीस, ताईचे अ. उ. आ.

सुखरूप पोचले. लेक बरी आहे. बाळ गोड आहे, पण घरातल्या एकालाही स्वस्थ बसू देत नाही. जावईबापू चहा करायला शिकलेत, म्हणजे पाणी उकळायला शिकलेत. कवळ्यांच्या कारखान्यातून तीन महिन्यांची रजा मिळाली. साहेब म्हणाले, तुम्ही नसताना लोकांनी चावायचं कसं. खोटं का होईना, ऐकून बरं वाटलं.

दिवसभर वीज कंपनीच्या तक्रारी कानावर घेऊन घरी गेलीस की तू फोनला हात लावत नाहीस, म्हणून हे पत्र. एक काम आहे, नाही म्हणू नकोस. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये माझी संध्याकाळची मौनाची बैठक असते ना, तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. कुणी ठरवली असं नाही, पण आहे. माझी खिडकीखालची, भिंतीला पाठ टेकते ती. नऊ वर्षं मी तिथे बसतेय. आता रिकामी दिसली की ते बँकेतून निवृत्त झालेले आजोबा तिथे पथारी पसरणार, त्यांचा डोळा आहेच. तेव्हा ऑफिस सुटलं की जा आणि माझ्या हिरव्या उशीवर बस. ध्यानबिन काही करू नकोस, ते तुला जमायचंही नाही. नुसती जागा धर.

बैठक घेणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्या पूर्वी पोहायला शिकवायच्या. फारसं बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो माझ्या जागेवरही असू दे.

तुझी ताई


२१ जानेवारी

ति. ताईस, बारकीचा सा. न. वि. वि.

धन्य आहेस तू! लोक जागा धरायला रुमाल टाकतात, तू बहीण टाकलीस. पहिले काही दिवस मी इमानेइतबारे रुमालच होते. पंखा बघितला, कुणाच्या मोज्याला भोक आहे ते बघितलं, आजोबांचं घोरणं ऐकलं. ते माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांची पेन्शन खाल्ली.

पण मंगळवारी गंमतच झाली. त्या दिवशी एका गृहस्थानं वाढीव बिलावरून माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि वर आमच्या साहेबांनी ऐकवलं की आवाजात हसू कमी पडतं. कान नुसते भणभणत होते. उशीवर बसले, डोळे मिटले. मनात आलं, इथे एवढी माणसं आहेत आणि एकाचीही माझ्याकडे तक्रार नाही. पुढचं नीट सांगता येत नाही गं. खालच्या दुकानात ठोकाठोकी चालू होती, ती ऐकू येत होती, पण ती मला उद्देशून नव्हती. काहीच मला उद्देशून नव्हतं. डोळे उघडले तर लोक चपला घालत होते आणि माझा गळा ओला झाला होता. रडले कधी तेही कळलं नाही. घरी चालत गेले, आणि किती दिवसांनी कोण जाणे, भूक लागली म्हणून जेवले.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याजवळ थांबल्या, खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेल्या. सगळ्यांनाच करतात का तसं? बाळाचा पापा घे.

तुझी माया अशीच राहू दे.

बारकी


२९ जानेवारी

चि. बारकीस अ. आ.

पत्र पोचलं. नाही. बाई सगळ्यांना तसं करत नाहीत.

नऊ वर्षांत माझ्याजवळ एकदाही थांबल्या नाहीत. सर्दी झाली होती तेव्हा रुमाल द्यायला थांबल्या, तेवढंच. स्पष्ट लिहिते, तुझं पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बोचऱ्या थंडीत गेले, गुडघ्यात पाणी झालं तरी गेले, लेकीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा गेले. मला काय मिळालं? गुडघ्याचा पट्टा. आणि तू जाऊन माझ्या उशीवर टेकलीस आणि झालं तुझं! आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच.

हे नुसतं थकव्यानं झालं असणार. तू वेळेवर खात नाहीस, त्यानंही असं होतं. यापुढे डोळे उघडे ठेवून बस. तुला जागा धरायला पाठवलंय, हे विसरू नकोस. बाळाला दात येतायत असं लेक म्हणते, मी म्हटलं अजून अवकाश आहे. दातांचं तरी मला कळतं.

लोभ आहे, जरा तापलेला आहे इतकंच.

ताई


१२ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.

तुझ्या हुकुमाप्रमाणे डोळे उघडे ठेवून बसले. ताई, उघड्या डोळ्यांनीही होतं गं! समोर बसलेल्या एकीची पाठ दिसत होती, बाईंची खुर्ची दिसत होती, आणि तरी तसंच शांत. रागावू नकोस, पण आता फोन घेतानाही मधूनच होतं. परवा एक माणूस ओरडत होता आणि मला पहिल्यांदाच ऐकू आलं की तो घाबरलाय. त्याच्या आईचं औषध फ्रीजमध्ये होतं आणि वीज गेली होती. मग मी छापील उत्तर वाचलंच नाही. आमच्या लाइनमनला सरळ तिकडे पिटाळलं.

एक सांगायचंय आणि भीती वाटतेय. नव्या लोकांसाठी बाई रविवारी सकाळी वेगळी बैठक सुरू करतायत. ती मी घ्यावी म्हणाल्या. मी म्हटलं, मी नुसती ताईची जागा धरायला आले आहे. त्यावर हसल्या आणि म्हणाल्या, मग तीच धरून ठेवा. तू हो म्हटलंस तरच हो म्हणेन.

पत्राची वाट बघते.

बारकी


१९ फेब्रुवारी

बारकीस आशीर्वाद, कारण ते द्यावेच लागतात.

नाही म्हणजे नाही! ती बैठक मला मिळायची होती. मी बाईंना बोलले नव्हते, पण त्यांना कळत होतं. घरादारात सगळे मला विचारतात की ताई, मन शांत कसं ठेवायचं. आता काय सांगू, माझ्या बहिणीला विचारा? तू माझी टिंगल करायचीस, मला बगळा म्हणायचीस, आणि आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेस?

मला पोटात दुखतंय, कळलं? बाळाला मांडीवर घेऊन बसले तरी डोक्यात तूच. तू तिथे बसलीयस, माझ्या खिडकीखाली, तोंडावर ते हसू घेऊन. जागा सोड. आजोबा बसले तर बसू देत, पण तू बसू नकोस. बाईंनाही तसं कळवलंय.

बाकी सर्व क्षेम.

ताई


३ मार्च

सौ. ताईसाहेबांस सा. न. वि. वि.

जागा सोडली. रविवारच्या बैठकीलाही नाही म्हणून सांगितलं. उशी धुऊन कपाटात ठेवलीय. आजोबा खिडकीखाली बसतात, असं ऐकते.

आता माझंही ऐक. मी जन्मभर तुझे जुने फ्रॉक घातले, तुझी जुनी सायकल चालवली, तुझ्या जुन्या पुस्तकांत तुझ्या खुणा बघत अभ्यास केला. तुला नवरा आहे, लेक आहे, आता नात. मला एक भाड्याची खोली आणि कानावर शिव्या. तुझा हेवा मीही केलाय ताई, पोटभर केलाय, फक्त पत्रातून कळवला नाही. जागाही तुझीच जुनी होती. पण तिथे मला जे मिळालं ना, ते तुझं वापरलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कोरं होतं. आणि तेही तू मागून घेतलंस.

तुला वाटत असेल, खरंच मिळालं असेल तर ते घरी बसूनही टिकेल. मलाही तसंच वाटलं होतं. नाही टिकलं. काल एका म्हातारीवर फोनवर ओरडले.

बाळाला माझा पापा दे. बाकी काही मागणं नाही.

बारकी


११ मार्च

चि. बारकीस, ताईचे पोटापासून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. तू ओरडलीस, म्हणजे तूही माझ्यासारखीच, असं वाटून छाती हलकी झाली. चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहिले. कपातला चहा संपायच्या आत मला माझीच किळस आली. लेकीनं विचारलं, आई काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसले आणि मग तिच्यासमोर ढसाढसा रडले. बिचारी एका हातानं मूल सांभाळत होती आणि दुसऱ्या हातानं मला.

बाईंचंही पत्र आलंय, दोनच ओळींचं. बहीण येत नाही, विचारलं तर म्हणते जागा ताईची आहे, तुम्ही दोघी काय ते ठरवा, मी इथे जागा राखायला बसलेली नाही. झालं. त्यातही माझ्यासाठी शब्द नाही, बघ.

मी ठरवलंय. कपाटातली उशी काढ. आजोबांना गोड बोलून उठव. उठले नाहीत तर मी आल्यावर उठवते, ते काम मला चांगलं जमतं. रविवारची बैठक तू घे. बाईंना मी तसं लिहिलंय, आणि ते लिहिताना दोन कागद फाडले, हेही तुला सांगून ठेवते. मन मोठं झालंय अशा भ्रमात राहू नकोस. मला तुझा हेवा वाटतो, आत्ता, ही ओळ लिहितानाही वाटतोय. जाईल की नाही माहीत नाही.

पुढच्या महिन्यात मी येईन आणि तुझ्या समोर बसेन, जिथे भिंत नाही आणि पाठ टेकत नाही तिथे. तू डोळे मिटलेस की मी एक डोळा उघडून तुझ्याकडे बघेन. बाई तुझ्याजवळ थांबल्या की माझा जळफळाट होईल. तो तुला मिटल्या डोळ्यांनीही जाणवेल. मी जळेन, पण तू उठू नकोस.

तुझ्या लोभाची भुकेली,

ताई