उजवीकडेच वळणारी गाडी

डोंगरकड्याचा तांडा,
दि. ८ डिसेंबर २००२

ती. शिलाताईस,
धाकट्या प्रेमदासचा सा. न. वि. वि. जय सेवालाल.

पत्र खुशालीचं आहे, पण त्यात एक कबुलीही आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन शेजारच्या द्वारकाबाईंच्या घरात, आणि त्या रिसीव्हर तुझ्या हाती देऊन तिथंच उभ्या राहतात.

मी गाडी घेतोय. जुनीच, पण स्पोर्ट्स कार. लाल आहे, वरून उघडी आहे आणि तीत दोनच माणसं बसतात. औरंगाबादच्या एका डॉक्टरांचा मुलगा हरीश कायमचा कॅनडाला चाललाय, त्याची आहे. शाळेत सांगितलं की पेट्रोल कमी खाते. उत्तमकाकांना सांगितलं की वळवायला सोपी आहे. दोन्ही खोटं. रोजनिशीत दोन्ही तारखेनिशी नोंदवली आहेत.

खरं असं आहे. निर्मला या घरात आली त्याला तेवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठंही गेलेलो नाही. लग्नानंतर माहूरला गेलो तेव्हा नऊ जण होतो. पुढं जीप घेतली. निर्मलाची दाढ सुजली म्हणून तिला हिंगोलीला नेलं, तर जीपमध्ये अकरा माणसं, त्यातली दोघं वाशीमला निघालेली. निर्मला मागच्या फळीवर टोकाला बसली होती. दवाखाना येईपर्यंत मला तिला एवढंही विचारता आलं नाही की फार दुखतंय का. जागा असेपर्यंत तांड्यात कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. म्हणून जागाच नसलेली गाडी घ्यावी असं मनात आलं. नाही म्हणणं आणि जागाच न ठेवणं यांत काही फरक आहे का, यावर रोजनिशीची चार पानं गेली. उत्तर मिळालं नाही. गाडी मिळाली.

एकदाच तिला शेजारी बसवून तुझ्याकडे जवळा बाजारला यायचंय. वाटेत तिच्याशी बोलायचंय. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. तिला यातलं काही सांगितलेलंही नाही.

गाडी पारखायला उत्तमकाका येणार आहेत. ते तांड्याचे नाईक. त्यांनी पाठीवर थाप मारल्याशिवाय इथं वासरू येत नाही, मग गाडी कशी येईल?

भावजींना नमस्कार. मला हसलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.
तुझा,
प्रेमदास

जवळा बाजार,
दि. १५ डिसेंबर २००२

चि. प्रेमदास यास शिलाताईचे अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. मी वाचली, मग यांनी वाचली, मग सूनबाई पुनमनं मोठ्यानं वाचली. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या, म्हणून फोनचा मजकूर पुनमनं गाळला.

तुझे भावजी म्हणतात की ती गाडी जमिनीपासून वीतभर वर असते. आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं खाली बसावं लागतं. तुझा गुडघा हा असा. बसशील, पण उठवायला दोन माणसं लागतील, आणि ती कुठं बसवणार?

गमतीचं सोड. उत्तमकाकांना नेऊ नको. काका भले माणूस, पण बैलबाजाराच्या पुढं त्यांचं घड्याळ गेलेलं न्हाई. आणि शेजारी कुणाला बसवायचं ते तू ठरवलंस, पण बसणारीला विचारलंस का? तेवीस वर्षांत काय नाही बोललास ते आधी चुलीजवळ बसून बोल, त्याला पेट्रोल लागत न्हाई.

तूर्तास एवढंच. थंडीचं कान झाकून हिंडावं. आमची आठवण असू द्यावी.
शिला

डोंगरकड्याचा तांडा,
दि. २६ जानेवारी २००३

ती. शिलाताईस,
प्रेमदासचा सा. न. वि. वि. जय सेवालाल.

उशीर झाला. झेंडावंदन आटोपून लिहायला बसलोय. गाडी आली. तुझं ऐकलं नाही, काकांना नेलं, ही माझीच चूक.

काकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मागच्या अंगावर थाप मारली. मग हरीशला म्हणाले की हिला बसवून उठवून दाखवा. हरीश गोंधळला. काकांनीच पुढं वाकून पाहिलं आणि म्हणाले, राहू द्या, ही बसलेलीच हाय. भाव ठरवताना काकांनी बैलबाजारातल्या रीतीनं खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून आकड्याइतकी बोटं दाबली. त्या बिचाऱ्याला वाटलं म्हातारा माया करतोय. त्यानं प्रेमानं पाचही बोटं परत दाबली, आणि आमचा भाव आमच्याच टॉवेलखाली वाढला. मी तो कमी करून मागितला नाही. शब्द दिला गेला होता की नव्हता, हे अजून माझं ठरत नाही.

तांड्याच्या रस्त्यावर गाडीचं पोट घासेल, म्हणून नांदेडकडे रिकामा चाललेला ट्रक ठरवला. हरीशनं स्वतः गाडी वर चढवली. मी तेव्हा कागदांवर सह्या करत होतो. तेवढ्यात काकांनी ते केलं. जनावर विकलं की दावं विकणाऱ्याकडंच राहतं, घेणाऱ्यानं आपलं नवं न्यायचं, हे तुला ठाऊक आहे. दावं गेलं तर विकणाऱ्याच्या गोठ्याची बरकत जाते. काकांनी ही रीत सांगून चावी हरीशच्या मुठीत घातली, वरून ती मूठ मिटवली, आणि पिशवीतलं अंबाडीचं कोरं दावं काढून गाडीच्या पुढच्या कडीला बांधलं. हरीशच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

हे मला तांड्यात पोचल्यावर कळलं. चावी मागितली तर काकांनी दाव्याकडं बोट केलं.

हरीश त्याच संध्याकाळी विमानात बसला होता. दुसरी चावी नाही. त्याच्या आईकडून निरोप आला की मुलुख नवा, नोकरी नवी, बरकतीशी खेळायची त्याची तयारी नाही. चावी त्यानं तिकडं देवाजवळ ठेवलीय. नांदेडहून चावीवाला आणला. त्यानं कुलूप पाहिलं, चहा घेतला आणि गेला.

पुढचं ऐक. चावी निघाली की या गाडीचं स्टिअरिंग आहे तिथंच अडकतं. ट्रकवर ते उजवीकडं वळलेलं राहिलं. चौदा जणांनी गाडी उचलून सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर ठेवली आणि काकांनी बैल जुंपले. गाडी उजवीकडं वळली, आणखी वळली, आणि मंदिराला पूर्ण वेढा घालून होती तिथं परत आली. हात न जोडलेला एकच माणूस होता, तो मी. बाकीचे हात जोडून उभे राहिले. हिला प्रदक्षिणेशिवाय दुसरं काही येत नाही, असं तांड्याचं आता पक्कं मत आहे.

तेव्हापासून रोज फेऱ्या चालतात. दोन-दोन माणसं बसतात, काका बैल धरतात. कनेरगाव नाक्याहूनही पाहुणे येऊन राहिलेत. आणि रांग कोण लावतं? निर्मला. ती हातात काठी घेऊन म्हाताऱ्या माणसांना पुढं सोडते. मी एकदा धीर करून म्हणालो की आपणही बसू. ती म्हणाली, आधी मोठी माणसं होऊ द्या, लोक काय म्हणतील. त्या दोन जागांवर आतापर्यंत शंभर जण तरी बसले असतील. आम्ही दोघं मात्र उभेच. तिच्यासाठी म्हणून गाडी घेतली की स्वतःच्या हौसेसाठी, हेही आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

तुझा सल्ला हवा आहे. न मिळाला तरी आशीर्वाद असावा.
प्रेमदास

जवळा बाजार,
दि. २ फेब्रुवारी २००३

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

इतकं हसलो की यांना ठसका लागला. पण तुझ्या चिठ्ठीचा शेवट वाचून मी हसणं थांबवलं.

शंभर जणांना बसवलंस, आणि जिच्यासाठी गाडी आणली तिला अजून त्याचं कारण ठाऊक न्हाई. रोजनिशीला सांगतोस, मला सांगतोस. तिलाच तेवढं न्हाई. म्हणून मी एक आगाऊपणा केलाय. तुझी आठ डिसेंबरची चिठ्ठी जशीच्या तशी पाकिटात घालून निर्मलाच्या नावानं पाठवलीय. तुला न विचारता. राग आला तर येऊन भांड, ज्या वाहनानं येशील त्यानं.

जीव सांभाळून असावं.
शिलाताई

डोंगरकड्याचा तांडा,
ता. १८ फेब्रुवारी २००३

ती. शिलाताईंना निर्मलाचा नमस्कार. जय सेवालाल.

माझं लिवनं वाईट हाये, समजून घ्यावं. तुमी पाठवलेली चिठ्ठी मिळाली. मी तूर झोडपत होते, तिथंच बसून वाचली. दोन बार वाचली. मला वाटत होतं की मास्तरांना या वयात मिरवायची हौस आली. दोनच जागा काहून, म्हणून राग बी होता. वाटलं, घरातल्या माणसांची तकलीफ नको म्हणून घेतली. त्या रागानंच मी काठी घेऊन उभी राहत होते.

ऐतवारी मी रांग मोडली. सगळ्यांसमोर सांगितलं की आता आमी बसणार. रांगेतली भागूबाई म्हणाली, या वयात नवरीवानी बसते की काय. मी म्हणलं, व्हय. तुमचे भाऊ लाजून माघारी चालले होते, त्यांना हाताला धरून बसवलं. सीटच्या मागं कापडाचं छप्पर गुंडाळून ठेवलेलं होतं, ते दीड महिन्यात कुनी पाहिलंच नव्हतं. मी वढून लावलं, बटनं बसवली. बाहेर पोरं बोंबलत होती, त्यांचा आवाज अर्धा झाला. काकांनी बैल हाकले.

पहिल्या फेरीला ते छपराची बटनंच चाचपत राहिले. दुसऱ्या फेरीला म्हणाले की तूर यंदा बरी आली. मी म्हणलं, बरी आली. तिसऱ्या फेरीला मला म्हणाले की मला काय बोलायचं ते सुचून न्हाई राहिलं. मग मी म्हणलं, तुमी ऐका. आनि मी बोलाया लागले. लगन झालं तवापासून सुरू केलं. कोनाची गाऱ्हानी न्हाई केली, नुसतं सांगितलं. ते मधी मधी हूं म्हणत होते, दोनदा हसले, एकदा चष्मा काढून पुसला. मग ते बी बोलले. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं न्हाई.

उतरायला म्हणून मी छप्पर उघडून पाहिलं, तर बैल नव्हते. रांग बी नव्हती. उत्तमकाका कवाच बैल सोडून पानी दाखवायला घेऊन गेले होते. गाडी जागच्या जागी उभी, आनि आमाला वाटत होतं की आमी चाललोच हाओत.

लेकरांना गोड पापा. चुकलं असलं तर मोठ्या मनानं पोटात घालावं.
तुमची,
निर्मला