किनारा जुळवताना

३ जून १९६८, अकोला
आज हवामान कचेरीत रुजू झालो! वलगावहून वच्छलेला सोबत आणले. तिला सातवा महिना, एस.टी.त सारी वाट मलाच बोलत होती. खोली मिळाली ती गोदाबाईंची, शहराबाहेर. इकडे खारपाणपट्टा, विहिरीचे पाणी खारट. प्यायचे गोडे पाणी कचेरीतून न्यायचे. वच्छलेने तोंड वाकडे केले. करो बापडी. काम मात्र बहारीचे! सकाळी उपग्रह डोक्यावरून जातो आणि अरबी समुद्राचे छायाचित्र यंत्रातून रेघ रेघ करत कागदावर उतरते. बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला, आणि मी पगार घेऊन समुद्र पाहतो. खरा समुद्र अजून पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

५ जून
खुशालराव साहेबांनी काम शिकवले. किनाऱ्याची रेघ काढलेला पारदर्शक नकाशा चित्रावर ठेवायचा, काळा समुद्र रेघेला भिडेपर्यंत सरकवायचा, मग ढग टिपायचे. आज समुद्र रेघेच्या आत, जमिनीवर, बोटभर आला होता. साहेब हसले. “नकाशा सरकव, देवमन. समुद्र थोडाच सरकते?” सरकवला.

११ जून
रोज सरकवतो आहे. नकाशा किनाऱ्याला जुळवला की सिलोन चुकते. सिलोन जुळवले की नाशिक समुद्रात. नाशिकला फोन लावला तर म्हणे कडक ऊन आहे. साहेब म्हणाले, नव्या माणसाचे असेच होते.

१३ जून
विहिरीचे पाणी वर चढले आहे. पाऊस नाही, काही नाही. पाणी जास्तच खारट. गोदाबाईंना सांगितले तर म्हणाल्या, आमचं पाणी खारंच हाय, त्यात काय पाहाचं? बादलीत जिवंत शिंपला निघाला. मला भीती वाटते.

१५ जून
चित्रातला काळा समुद्र बुलढाण्याच्या पुढे, अकोल्याकडे. मी नकाशाला हात लावला नाही; साहेबांनीच सरकवला, सही केली. वच्छलेला म्हटले, समुद्र येतो आहे, आजच वलगावला जा. ती चिडली. अशा दिवसांत एस.टी.चे धक्के कोण खाईल, आणि तुम्ही समुद्र कधी पाहिला तरी का? — गोडे पाणी माठात तसेच आहे. ती पीत नाही. मग काय पिते?

१६ जून
सारा कागद काळा. सिलोनही नाही — साहेब सरकवतच आहेत — मी सायकल काढली —

घरी
ऊन. विहीर काठोकाठ. वच्छला ओंजळीने पिते आहे. म्हणाली, “गोडं झालं वो पाणी. बाळाले लई आवडते.”
चाखले — मीठ, नुसते मीठ — ओढले, उठत नाही — पोटाला कान लावला — लाट येते, जाते — आणि आत कोणी पोहते —