घरात काय कमी हाय?

६ फेब्रुवारी १९७८
चित्रकलेची खोली आज रिकामी केली. ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आता तिथे प्रयोगशाळेची कपाटं. जूनपासून नववीला चित्रकला बंद. इतिहासाचेही तास कापले. स्टाफरूममध्ये कुणाला विशेष वाईट वाटलं नाही. मलाही नाही, भूगोलाचे तास शाबूत आहेत.

सुमी जूनमध्ये आमच्याच शाळेत नववीत जाणार. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, चित्रं, नाटक, इतिहास नीट शिकवतात अशा शाळेत मला घाल. बाहेरगावी असली तरी चालेल." पाठ केल्यासारखं एका दमात. भाजी करपली.

११ फेब्रुवारी
हे कारखान्यातून आले, चहा झाल्यावर विषय काढला. ह्यांचं उत्तर: "आर्ट्सला जायला बोर्डिंग कशाला लागतंय? आर्ट्सला कुणीबी घेतंय की!" इंजिनिअर माणूस. जगात दोनच बाजू: सायन्स, आणि ज्यांना सायन्स मिळालं नाही ते. भूगोल दोन्हीकडे बसतो, म्हणून मला कुणी विचारत नाही.

मात्र सरळ नाही म्हणाले नाहीत. "बघून ये कुठंतरी."

मामंजी, सुमीचे आप्पा, झोपाळ्यावर होते. 'बोर्डिंग' शब्द ऐकला आणि झोका थांबला.

१५ फेब्रुवारी
मामंजी दुपारी कोट-टोपी घालून बाहेर गेले. कुठे, ते सांगितलं नाही. सहाला आले. घाम पुसत म्हणाले, "झालं काम." काय काम, ते पुन्हा नाही.

१८ फेब्रुवारी
काम कळलं. मंडईत मुलींच्या बोर्डिंगच्या अधीक्षिका भेटल्या, माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. मला बाजूला घेऊन हळूच, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, आहे. "नाही, तुमचे सासरे आले होते. नात हुशार हाय, घरची अडचण हाय, तेवढी सोय करा म्हणाले. एक जागा धरून ठेवायला सांगून गेलेत."

त्यांचं बोर्डिंग आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिथे खेड्यातल्या गरीब मुली राहतात. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मी तशीच उभी. हसू आवरेना, आणि लाजही वाटली. मामंजींनी कुणापुढे हात पसरलेला मी कधी पाहिला नाही.

१९ फेब्रुवारी
मामंजींशी बोलले. त्यांची चूक नाही. ते शिरोळकडच्या खेड्यातून दहाव्या वर्षी इथल्या बोर्डिंगात आले. अंगण झाडलं, पंगतीला वाढलं, मॅट्रिक झाले. त्यांच्या लेखी बोर्डिंग म्हणजे ज्याच्या घरी भागत नाही त्याच्यासाठी. आणि तेही कोल्हापुरात.

म्हणाले, "खेड्यातलं पोर शिकायला कोल्हापूरला येतंय. कोल्हापूरची पोरगी कुठं चालली मग?"
सांगितलं, आता वेगळ्या शाळा असतात, तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं.
"व्हय, पर घरात काय कमी हाय?"
मी त्यांच्या चहाचा कप उचलून आत नेला. सुमी जिन्यात बसून ऐकत होती, हे नंतर दिसलं.

४ मार्च
मी, सुमी, मामंजी. एस.टी.ने डोंगरावरची शाळा. 'मी बघितल्याशिवाय न्हाय' म्हणून मामंजी हट्टाने आले.

शाळा देखणी. दगडी इमारत, पियानो, रंगमंचाला मखमली पडदा. कार्यालयातल्या बाई इंग्रजीत बोलल्या, मीही बोलले, बरं बोलले. चित्रकला? शनिवारी दुपारी, छंदवर्ग. नाटक? वर्षातून एकदा, पालक येतात तेव्हा. बाई म्हणाल्या, "आमच्या बहुतेक मुली सायन्सलाच जातात, काळजी करू नका." मी काळजी करत नव्हते.

मामंजींनी भटारखाना बघायला मागितला. पालकांना आत सोडत नाहीत. "न्हाय तर न्हाय," म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सुमीने परतीच्या गाडीत पियानोचा विषय एकदाही काढला नाही.

१८ मार्च
दुसरी शाळा. कराडच्या अलीकडे, नदीकाठी. पत्र्याच्या खोल्या, झाडं बरी. चित्रकला रोज, मातीकाम रोज, गाणं रोज. इतिहासाचे सर वही लिहून देत नाहीत. मुलं शेजारच्या गावात म्हाताऱ्यांना भेटून जुन्या विहिरीची हकीकत आणतात, भिंतीवर लावतात. सुमी त्या भिंतीपुढून हलेना.

भिंतीवर गावाचा नकाशा. उत्तर दिशा चुकलेली. मी सांगितलं. सर म्हणाले, "मुलांनी ओढ्याकडे तोंड करून काढलाय बाई. त्यांना वर म्हणजे ओढा." हे मला अजिबात पटलेलं नाही. उत्तर ती उत्तर. गाडीत सगळा वेळ डोक्यात तेच.

पंगतीत जेवलो. भाकरी, आमटी, कांदा. जेवण झाल्यावर मुलं आपापलं ताट घेऊन नळावर गेली. मामंजीही उठले, सवयीने मुलांच्या रांगेत उभे राहिले, राखेने ताट घासलं, पालथं घातलं. कुणी त्यांना अडवलं नाही. मला आणि सुमीला म्हणाले, "हे बोर्डिंग हाय." पुढे नळाकडे बघत, "आमच्यात ज्याचं ताट त्यानं धुवायचं. ताट धुतलं की पोरगं बोर्डिंगचं झालं म्हनायचे."

२१ मार्च
हे म्हणतात, नदीकाठच्या शाळेत विज्ञान नावापुरतं. "तिथनं सायन्सला जायचं दार बंद. तेरा वर्षांच्या पोरीनं दार बंद करून घ्यायचं? उद्या तिलाच वाईट वाटलं तर?" आवाज चढवला नाही, हे विशेष. मुद्दा चुकीचा नाही. मी त्यांच्या बाजूने आहे की सुमीच्या, ते मला ठरवता येत नाही. ती गेली तर मला करमणार नाही, हे मात्र ठरलेलं आहे.

२५ मार्च
नदीकाठच्या शाळेने जागा दिली. महिनाअखेर कळवा म्हणतात. हे सकाळी बराच वेळ पेपर धरून बसले, मग म्हणाले, "तिला जायचं असंल तर जाऊ दे." मी कुकर लावायच्या निमित्ताने आत गेले.

आणि संध्याकाळी सुमी म्हणते, मी नाही जात.
"का गं?"
"आप्पांना वाटतं आपल्या घरात काहीतरी कमी आहे. लोकांना पण वाटेल. मी इथेच शिकते."

महिनाभर मी मनात हेच मागत होते. मिळालं, आणि इतका राग आला की पोळ्या लाटताना पोळपाट आपटत राहिले. लोक! लोकांना काय वाटतं ते तेराव्या वर्षी कळायला लागलं म्हणजे संपलंच.

२७ मार्च
सुमीचं म्हणणं मामंजींना मीच सांगितलं. नाही सांगितलं तर कोण सांगणार? त्यांनी सुमीला झोपाळ्यावर बोलावलं. मी आत तांदूळ निवडत होते, ऐकू येत होतं.

"आप्पा, घरात काही कमी नाही. मी जात नाही."
"कोन म्हनलं न्हाय? हाय की कमी. माझ्या बाच्या घरात भाकरी कमी हुती. ती दिसत हुती, म्हनून कुनाला सांगाय लागलं न्हाय. ह्या घरात काय कमी हाय ते मला दिसत न्हाय. तुझ्या बालाबी दिसत न्हाय. तुला दिसलं म्हनून तू मागितलंस. खरं का न्हाय?"
झोपाळ्याची कडी एकदाच कुरकुरली.
"मग जा, शिक, आन् आमाला येऊन सांग काय कमी हुतं ते. न्हाय जायाचं तर तुझ्या मनानं न्हाय म्हन. माझ्या नावावर घालू नगंस."

झोपाळा पुन्हा सुरू झाला. निवडलेल्या आणि न निवडलेल्या तांदळांची सरमिसळ झाली, सगळे पुन्हा निवडले. मामंजींचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

२९ मार्च
सुमीने हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. हे दोनदा विचारून गेले. मामंजी विचारत नाहीत. मी नववीचं भूगोलाचं पुस्तक चाळलं, उगाच.

३० मार्च
रात्रीची जेवणं झाली. सुमी कधी नव्हे ते आपलं ताट घेऊन उठली, मागच्या नळावर गेली, राखेने घासलं, पालथं घातलं आणि अभ्यासाला बसली. हे सुपारी कातरत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. मामंजींनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

उद्या कळवायची मुदत. अजून तिने तोंडाने काही सांगितलेलं नाही.

मागची आवराआवर करताना तिचं ताट पाहिलं. काठाला राख राहिली होती. पुन्हा धुवायला घेतलं, आणि तसंच ठेवून दिलं.