‘उर्फ’साठी रकाना नाही

दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. मी नवी दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात खाट क्रमांक १४ वर बसून शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रातील शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करत होतो. तीन झाल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, “भैया, साइन करना है, जाँचना नहीं है.” सही करताना ‘जान का ख़तरा’ हे शब्द पुन्हा वाचले. तेवढेच अचूक लिहिले होते. म्हणून हा कागद.

मी, सुधन्वा शांताराम मुरुडकर, वय २५, शिक्षण बी.ए. दुसरे वर्ष (अपूर्ण), राहणार लक्ष्मीबाई नगर, करोल बागेत बत्राजींच्या दुकानात प्रबंध टाइप करणे व त्यातील संदर्भ तपासणे या कामावर. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते पित्ताशय, आणि ते उद्या सकाळी काढणार आहेत. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. वैतागून लिहीत आहे.

कलम १. घर नाही. क्वार्टर सरकारचे, ते दाजींना मिळालेले. बाल्कनीतली घडीची खाट मात्र माझी. ती दाजींनाच द्यावी, रविवारी दुपारी तेच तिच्यावर झोपतात.

कलम २. बँकेत जे असेल ते माझ्या बहिणीचे. तिचे नाव प्रणिता शांताराम मुरुडकर उर्फ वैजयंती श्रीरंग बोधनकर. ही एकच बाई आहे. हे वाक्य बँकेने दोनदा वाचावे.

बत्राजी म्हणाले, “बेटा, उर्फ तो बदमाशों का होता है, थाने में.” असेल. पण कायद्याला उर्फ कळतो. संशोधन मोजणाऱ्यांना कळत नाही.

कलम ३. ताईचे लग्न २०१२ साली झाले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, ‘वैजयंति’. ऱ्हस्व. कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी बोटाने दीर्घ केले. ताई तोपर्यंत भूजलावर चार शोधनिबंध लिहून बसली होती. लग्नानंतर तिने सहा लिहिले. नाव, मधले नाव, आडनाव, तिन्ही बदललेली. जगभरच्या निबंधांची जी मोठी ऑनलाइन यादी आहे तिच्या लेखी प्रणिता मुरुडकर एके दिवशी लिहायची थांबली आणि वैजयंती बोधनकर आभाळातून पडली.

कोणाच्या निबंधाचा किती जणांनी संदर्भ दिला, ते ही यादी मोजते. त्यावरून एक आकडा काढतात, एच-इंडेक्स. दहा असेल तर अर्थ असा की दहा निबंध असे आहेत, ज्यांचा प्रत्येकी किमान दहा ठिकाणी संदर्भ आला. पाणी कोणी सुधारले, कोणत्या गावाने हापसा बंद केला, याला त्यात रकाना नाही. प्रणिताचा आकडा चार, वैजयंतीचा सहा. ताई तेरा वर्षे कंत्राटावर शिकवते आहे. आता कायम जागेची जाहिरात आली आहे, अट आहे दहा, अर्जाची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.

यादीवाल्यांना मी लग्नाचा दाखला पाठवला. उत्तर आले की दोन वेगळ्या व्यक्ती एकत्र करता येत नाहीत. पुन्हा पाठवला. मग त्यांनी तिचा जुना ईमेल मागितला, तो देणारे कॉलेज बंद पडले आहे. अकरा महिने आणि सव्वीस पत्रे झाल्यावर गेल्या महिन्यात दोन बायकांची एक झाली. आकडा आला नऊ.

कलम ४. हे कलम ताईने सावकाश वाचावे.

१४ जानेवारी २०१८ ला आपण सगळे पानिपतला काला अंब येथे गेलो होतो. बाकीचे फुले वाहत होते, तू आसपासच्या हापशांचे पाणी बाटल्यांत भरत होतीस, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा तुझा निबंध छापताना मासिकाने शीर्षकातल्या ‘अंब’च्या आधी एक एल घुसवला. ‘लँब’. आंब्याचे कोकरू झाले. तू दुरुस्ती मागितलीस, उत्तर आले नाही, तू सोडून दिलेस.

मी सोडले नाही. प्रा. मानस रायरीकरांचा एक लेख तपासायला आमच्या दुकानात आला. एकतिसावा संदर्भ तुझा होता, आणि सरांनी, मासिकात छापले होते तसेच, ‘लँब’ लिहिले होते. मी तो एल खोडला. शुद्ध केले. त्यामुळे यादीतल्या संगणकाला असा निबंधच सापडला नाही आणि तो संदर्भ मोजला गेला नाही. तुझ्या बाकी नऊ निबंधांचे दहा-दहा भरले आहेत; ह्याचेही दहा हवेत, दिसतात नऊ. उरलेला एक मी खाल्ला.

सरांकडे गेलो. ते म्हणाले, “अरे यार, एका एलसाठी मी मासिकाला पत्र लिहू? बरं, लिहितो. ताईंना म्हणावं, पुढच्या लेखात माझे दोन निबंध घ्या.”

“सर, तुमचे निबंध ग्राहकांच्या आवडीनिवडीवर आहेत.”

“पाणी ग्राहक पीत नाहीत का?”

सरांचा आकडा बावीस आहे. तो कसा झाला ते मला ठाऊक आहे, कारण टाइप मी केले. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही देऊ नये.

मग सरांचा लेख छापणाऱ्या मासिकाला मीच लिहिले. त्यांचे उत्तर आले: चूक लेखकाची नसेल तर ज्याची असेल त्याने सहीनिशी कळवावे. आठ दिवस झाले. कळवले नाही, कारण आधी तुला सांगावे लागले असते.

तरी मी जाहीर करतो की तो एल माझ्या हाताने गेला. सरांची मूळ फाइल दुकानातल्या संगणकात ‘रायरीकर जुने’ या नावाने आहे. बत्राजींनी ती आणि हे कलम त्या मासिकाला पाठवावे.

कलम ५. लाल पेन आणि शब्दकोश दुकानात येईल त्या पुढच्या तपासनिसाला. त्याला सांगावे: दुसऱ्याची छापलेली चूक ही त्याचा पत्ता असते. ती दुरुस्त करू नये.

कलम ६. बत्राजींना काही नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ते म्हणाले, “मुझे मालूम था.” त्यांनी असेही सांगितले की माणूस गेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही. म्हणून कलम ४ आजपासूनच लागू, मी जगलो तरी.

पुरवणी, चार वाजून चाळीस मिनिटे. ताई पायमोजे घेऊन आली. मी कागद पुढे केला आणि खिडकीकडे पाहत राहिलो. तिने सगळे वाचले, चौथे कलम दोनदा.

“तांदळातला दीर्घ तू केलास?”

“हो.”

“तेरा वर्षं मी ह्यांना शुद्ध समजत होते.” मग तिने पायमोजे माझ्या उशाशी ठेवले. “आठ दिवस, सुधन्वा. जेवताना समोर बसत होतास.”

मी म्हणालो, चुकले. तिने चौथ्या कलमाचा फोटो काढून, साक्ष देऊन दुकानात परतलेल्या बत्राजींना पाठवला आणि पेन मागितले. ‘वाचले’ असे लिहून ती सही करायला लागली आणि थांबली.

“उर्फ ऱ्हस्व का दीर्घ रे?”

“ऱ्हस्व.”

वाचले. प्रणिता उर्फ वैजयंती.

लिहून देणार: सुधन्वा शांताराम मुरुडकर
साक्षीदार, दोघांनी मला सही करताना पाहिले:
१. ओमप्रकाश बत्रा, करोल बाग
२. विष्णू सहाय, खाट क्रमांक १५
ठिकाण नवी दिल्ली, १८ नोव्हेंबर २०२५

पैशाचे देणे कोणाचेही नाही.
खर्च: अकरा महिने, पत्रे सव्वीस.
देणे: संदर्भ एक. मुदत ३० नोव्हेंबर.